शेपटीचा हिशोब: उंदीर प्रकल्पाच्या नोंदी

3 नोव्हेंबर
भाऊबीज झाली, सगळे लाडू-चिवड्याचे डबे घेऊन आपापल्या गावी निघाले आणि मी मागे राहिले मामाकडे, रत्नागिरीपासून तासाभरावर, कारण एमएस्सीचा डिझर्टेशन प्रोजेक्ट इथेच करायचं ठरलंय. विषय उंदरांच्या शेपटीची लांबी. मामा ऐकून म्हणाला, "काय गो, पुण्यात एवढं शिकून शेपट्या मोजायला आलीस?" हो म्हटलं.

विषय डोक्यात आला तो डिअर माइसवरून. अमेरिकेतला छोटा उंदीर, पेरोमिस्कस मॅनिक्युलेटस. एकच जात, पण जंगलात राहणाऱ्यांची शेपूट लांब आणि गवताळ मैदानात राहणाऱ्यांची आखूड. हार्वर्डला होपी होकस्ट्रांच्या लॅबने यावर बरीच वर्षं काम केलंय. ते वाचताना मला एकदम मामाची वाडी आठवली, म्हणजे माडावर चढून शहाळी पोखरणारा उंदीर वेगळा आणि भाताच्या बांधात बिळं करणारी घूस वेगळी, आणि माडावरच्याची शेपूट दोरीएवढी लांब असते हे लहानपणापासून बघितलंय. म्हटलं चला, जंगल आणि मैदान दोन्ही मामाच्या सात-बाऱ्यावरच आहे.

माझ्या गाइड मॅडमची अट एकच, माझ्या प्रोजेक्टसाठी एकही उंदीर मारायचा नाही. मामा नाहीतरी चाप लावतोच, त्यात मेलेले घ्यायचे, आणि जिवंत पिंजऱ्यात आलेला निरीक्षण करून त्याच्या नशिबावर सोडायचा. शिवाय हातमोजे आणि मास्क कंपल्सरी, कोकणात लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) ही गंमत नाही. मामीने माझ्यासाठी मागच्या पडवीत एक जुनं टेबल दिलंय आणि बजावलंय की यातलं काहीही स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत येता कामा नये.

4 नोव्हेंबर
पहिले तीन. माळ्यावरून दोन, माडाच्या बुंध्याजवळून एक, तिन्ही रॅटस रॅटस म्हणजे आपला काळा घरउंदीर (काळा कमी आणि तपकिरीच जास्त असतो). तिन्हींची शेपूट धडापेक्षा लांब. ओळखायची सोपी खूण म्हणजे शेपूट पाठीवरून पुढे दुमडायची, नाकाच्या पुढे गेली तर रॅटस रॅटस, अलीकडे थांबली तर रॅटस नॉर्व्हेजिकस, तो गटारातला आणि बंदरातला जाडा. मुंबईत 1896 ला प्लेग आला, त्यानंतर तपास करणाऱ्या कमिशनने हाच भेद मांडला होता, घरात राहणारा एक आणि गटारात राहणारा दुसरा. तेव्हा दोघांनाही मस म्हणायचे (आता हे नाव छोट्या माऊसचं), मस रॅटस आणि मस डेक्युमॅनस, त्यामुळे जुने रिपोर्ट वाचताना माऊस का रॅट असा गोंधळ होतो.

पण मोजताना लगेच पहिली अडचण आली की शेपूट सुरू कुठे होते? ऐकायला फालतू वाटतं पण तिथेच चार-पाच मिलिमीटरचा घोळ होतो. मी एकदा गुदद्वाराच्या मध्यापासून मोजली, एकदा शेपूट काटकोनात वर उचलून पाठीच्या बाजूने बुडापासून मोजली, आकडे जुळेनात. दोन्ही पद्धती जगात चालतात, वर उचलून मोजायची अमेरिकन लोकांची. मी खालून मोजायचं ठरवलं कारण आपल्याकडचं जुनं काम तसंच आहे. बीएनएचएसचा (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी) मॅमल सर्व्हे 1911 ला सुरू झाला, त्यातल्या कातड्यांच्या लेबलवर डोकं-धड, शेपूट, मागचा पाय, कान अशी चार मापं असायची, आणि तीही ताज्या प्राण्याची, कातडं भरायच्या आधीच घेतलेली. कारण कापूस भरला की कातडं ताणतं, मग त्या मापाला अर्थ राहत नाही.

शेवटही ठरवायला लागतो. हाडाच्या टोकापर्यंत मोजायचं, पुढचे केस सोडून. मामा शेजारी उभा राहून बघत होता, म्हणाला कापडाच्या दुकानात गज लावताना पण एवढी कटकट नसते.

7 नोव्हेंबर
सकाळी उत्साहात पिंजरा उघडला तर आत चिचुंद्री. वास आधी आला आणि प्राणी नंतर दिसला. शेपूट बुडाशी जाड आणि वर तुरळक लांब केस. ती उंदीर नाहीच, कीटकभक्षी, सोडून दिली. नोंद एवढ्यासाठी की मामाच्या शेजाऱ्यांनी "बारीक उंदीर" म्हणून दिलेल्या पिशवीत पण दोन चिचुंद्र्याच होत्या, म्हणजे दुसऱ्याने आणलेला माल आपण तपासल्याशिवाय शीटमध्ये टाकायचा नाही.

10 नोव्हेंबर
भातकापणी उरकत आली आणि आता बांधातल्या घुशी सापडायला लागल्या. बँडिकोटा बेंगालेन्सिस. ही घूस बिळात भाताच्या लोंब्या साठवते, बीळ खणलं की पाटीभर निघतात कधीकधी, त्यामुळे खणणाऱ्यांना दोन्ही बाजूंनी फायदा. आज दुपारी खणताना बघत बसले होते, बिळाची गल्ली जेमतेम घुशीच्या अंगाएवढी, त्यात लांब शेपटीचं करायचं काय? वळायलाच नको मध्ये.

आजच्या मोठ्या मादीचं डोकं-धड 19 सेमी आणि शेपूट 15. काल माडावरच्या नराचं धड 17.5 आणि शेपूट 20.5. शेजारी शेजारी ठेवून फोटो काढला, मामीने बघितला आणि चहा अर्धा टाकून उठली.

मला वाटलं प्रोजेक्ट झालाच! चढणारा लांब शेपटीचा, खणणारा आखूड शेपटीचा. रात्री मॅडमना फोन केला, तर त्या शांतपणे म्हणाल्या की तू चाळीस उंदीर मोजलेस काय आणि चारशे मोजलेस काय, जाती दोनच आहेत ना, मग तुझे पॉइंट दोनच. घूस आणि उंदीर वेगळे होऊन लाखो वर्षं झालीत, त्यांच्यात शेपटीशिवाय दात वेगळे, नखं वेगळी, अंगाचा घेर वेगळा, त्यातलं काय चढण्यामुळे आणि काय नुसतंच आजोबा वेगळे म्हणून, हे कसं सांगणार?

खरंय. डिअर माइसचं काम म्हणूनच भारी आहे, कारण तिथे जात एकच. आणि नुसतं तेवढंच नाही, इव्हान किंग्जली आणि बाकीच्यांचा 2017 चा पेपर आहे त्यात दाखवलंय की अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलात आणि पश्चिमेकडच्या जंगलात लांब शेपूट स्वतंत्रपणे आलेली आहे. म्हणजे एकच उत्तर निसर्गाने दोनदा लिहिलं. तो पुरावा झाला. माझं म्हणजे दोन शेजाऱ्यांची घरं बघून सगळ्या गावाबद्दल मत बनवणं.

11 नोव्हेंबर
रात्रभर विचार करून नवा प्लॅन केला. एकच जात घ्यायची, रॅटस रॅटस. माडावरचे एका बाजूला आणि घराच्या माळ्यावरचे दुसऱ्या बाजूला. चढणारे विरुद्ध घरातले. सकाळी मामाला मोठ्या थाटात समजावून सांगितलं.

मामा म्हणाला, "ते तेच उंदीर आहेत. दिवसा माळ्यावर, रात्री माडावर. छपराला टेकलेली झावळी दिसत नाही काय तुला?"

प्लॅन संपला. चहा घेतला.

(मामाने बाकीच्या माडांना पत्र्याचे पट्टे ठोकलेत, गुळगुळीत असतात म्हणून उंदराला नखं रोवता येत नाहीत. पण झावळ्या एकमेकींना लागलेल्या असल्या की तो एका माडावरून दुसऱ्यावर वरच्या वर जातो, खाली उतरतच नाही. पट्टा मग नुसता दागिना.)

19 नोव्हेंबर, पुणे
कॉलेजला परत. आता प्रश्न बदललाय. शेपूट लांब आहे का आखूड, हे नाही, तर लांब आहे म्हणजे नेमकं काय जास्त आहे? मणके जास्त, का मणके लांब, का दोन्ही? हा प्रश्न दोन जातींवरही विचारता येतो, कारण मी कारण सांगत नाहीये, नुसतं वर्णन करतेय. मॅडम म्हणाल्या आता जरा शहाण्यासारखं बोलतेयस.

सस्तन प्राण्यांत मानेचे मणके सात म्हणजे सातच, जिराफाला सात आणि उंदरालाही सात, मोजके अपवाद सोडले तर कोणी ते बदलत नाही. शेपटीला मात्र काही बंधन नाही. आपल्याला माकडहाडात चारेक जोडलेले मणके, लॅबच्या उंदराला तीसच्या आसपास. त्यामुळे उत्क्रांतीला हात घालायला शेपूट सोयीची जागा आहे, तिथे दोन मणके कमीजास्त झाले तर प्राणी मरत नाही.

23 नोव्हेंबर
शेपट्या उकळल्या. ही नोंद जेवताना वाचू नका.

मंद आचेवर कोमट पाण्यात, थोडी कपडे धुवायची पावडर टाकून. जोरात उकळल्या तर हाडं मऊ पडतात, पहिल्या दोन शेपट्या मी तशाच वाया घालवल्या. कातडं सुटलं की आतून पांढऱ्या दोऱ्यांसारखे स्नायूबंध निघतात, शेपटीत मांसल स्नायू फार नसतातच, ओढणारे स्नायू बरेचसे कंबरेशी आणि बुडाशी असतात आणि हे दोरे टोकापर्यंत जातात, कळसूत्री बाहुलीसारखं. मग चाळणीत मणके.

पहिली मोजणी 29. दुसऱ्यांदा 27. शेवटचे मणके खसखशीएवढे असतात आणि चहाची गाळणी वापरली तरी त्यातून निसटतात. हत्ती गेला आणि शेपूट राहिलं म्हणतात, इथे शेपूट हातात आणि शेपटाचं टोक बेसिनमध्ये. तिसऱ्या शेपटीपासून जुन्या ओढणीचं मलमल बांधलं गाळणीला.

24 नोव्हेंबर
मणके ओळीने चिकटपट्टीवर लावले. बघायला खूप सुंदर दिसतात. पहिले काही आखूड, रुंद, बाजूला पंखांसारखी हाडं असलेले. मग हळूहळू पंख जातात आणि मणका लांब होत जातो, दोऱ्याच्या रिळासारखा, मध्ये बारीक आणि दोन्ही टोकांना जाड. सगळ्यात लांब मणके शेपटीच्या पुढच्या भागातच येऊन जातात आणि तिथून टोकाकडे परत आखूड होत होत खसखस. प्रत्येक मणका व्हर्नियर कॅलिपरने मोजला. डोळे गेले.

30 नोव्हेंबर
पाच उंदीर आणि चार घुशी झाल्या. एवढ्यावर काही छातीठोक बोलणार नाही पण ओळी शेजारी ठेवल्या की डोळ्याला दिसतं की उंदराचे मधले मणके घुशीपेक्षा लांब आहेत, मणक्यांच्या संख्येत मात्र माझ्या मोजणीत तरी फार फरक नाही, एखाददुसरा, आणि तोही माझ्या ओढणीतून निसटलेला असू शकतो.

डिअर माइसमध्ये दोन्ही बदललेत. जंगलवाल्यांना मणके जास्त पण आहेत आणि प्रत्येक मणका लांब पण आहे. गंमत म्हणजे हे दोन बदल जनुकांच्या पातळीवर वेगवेगळे निघाले. 2024 च्या पेपरमध्ये होकस्ट्रांच्या लॅबने जंगलवाले आणि मैदानवाले यांचा संकर करून नातवंडांच्या पिढीत शेपट्या मोजल्या आणि जीनोममध्ये सहा जागा सापडल्या, त्यातल्या तीन मणक्यांच्या लांबीशी संबंधित आणि बाकीच्या तीन मणक्यांच्या संख्येशी. आणि सहाही जागांवर जंगलाकडून आलेलं रूप शेपूट लांबच करतं. हे महत्त्वाचं आहे, कारण नुसत्या योगायोगाने झालं असतं तर काही जागांनी लांब केली असती आणि काहींनी आखूड, खिचडी झाली असती. सहाच्या सहा एकाच बाजूला म्हणजे निवड पिढ्यानुपिढ्या एकाच दिशेने ढकलत होती.

संख्येच्या जागांपैकी दोनमध्ये हॉक्स जनुकांचे (भ्रूणात अंगाचा कुठला भाग कुठे बनायचा हे ठरवणारी जनुकं) संच आहेत आणि त्यातला मुख्य संशयित हॉक्सडी-13. मला समजलं ते असं की भ्रूणाच्या शेपटीच्या टोकाला पेशींचा एक साठा असतो, त्यातून पुढचा पुढचा तुकडा तयार होत जातो आणि त्या तुकड्यांचे मणके होतात, चकलीच्या सोऱ्यातून पीठ निघावं तसं. सोऱ्यात पीठ आहे तोवर चकली लांबते. हॉक्स 13 गटातली जनुकं शेवटी शेवटी चालू होतात आणि साठा आवरतं घ्यायला लावतात. जंगलवाल्यांच्या भ्रूणात शेपटीच्या टोकाशी हॉक्सडी-13 कमी चालतं, आणि त्यांच्याकडे साठाही मोठा दिसतो. म्हणजे "बास आता" म्हणणारा आवाज जरा हळू.

मामीला फोनवर चकलीचं उदाहरण सांगितलं, ती म्हणाली परत खाण्याच्या वस्तूचं नाव यात घेऊ नकोस.

8 डिसेंबर
शीटमध्ये विचित्र गोष्ट दिसतेय. तीन उंदरांची शेपूट धडाच्या मानाने फारच आखूड. फोटो काढून बघितले तर दोघांची टोकं तुटलेली, जखम भरून गुळगुळीत गाठ झालेली, मी घाईत पूर्ण शेपूट म्हणून लिहिलं होतं. पालीसारखी उंदराची शेपूट परत येत नाही, तुटली ती तुटलीच. काही जातींत शत्रूने शेपूट धरली तर कातडं मोज्यासारखं सुटून त्याच्या तोंडात राहतं, उंदीर पळतो आणि उघडं पडलेलं हाड नंतर वाळून गळतं. अंगावर काटे असणारे स्पायनी माइस त्यासाठी प्रसिद्ध आहेत. म्हातारे उंदीर म्हणजे भांडणं, मांजर, दरवाजाची फट असं सगळं बघितलेले, त्यांत बांडे जास्त सापडणारच.

तिसऱ्याची शेपूट पूर्ण आहे, पण तो पिल्लू निघाला. पिल्लाची शेपूट आणि धड एका वेगाने वाढत नाहीत, त्यामुळे शेपूट भागिले धड हा रेशो वयावर पण अवलंबून. एका रेशोमध्ये किती काय काय लपतं! आता शीटमध्ये दोन नवे रकाने घातले, "टोक शाबूत आहे का" आणि "वाढ पूर्ण झालीय का", आणि सगळे फोटो पहिल्यापासून परत तपासायचे. नऊ ओळी बाद झाल्या.

बांड्यावरून आठवलं. जनुकशास्त्रातला सगळ्यात प्रसिद्ध बांडा उंदीर 1927 चा. पॅरिसमध्ये नाडेझ्दा डोब्रोव्होल्स्काया-झावाद्स्काया या रशियन बाईंनी आखूड शेपटीचा म्यूटंट नोंदवला, त्या क्ष-किरणांनी होणारे बदल शोधत होत्या. त्या जनुकाला टी म्हणतात, टेल मधला टी, आणि दुसरं नाव ब्रॅकियुरी, ग्रीकमध्ये आखूड शेपूट. एक प्रत बिघडली तर शेपूट आखूड, दोन्ही बिघडल्या तर भ्रूण पोटातच मरतो, कारण ते जनुक शेपटीपुरतं नाही, अंगाची मागची बाजू बनण्यासाठीच लागतं. आणि याच जनुकात घुसलेल्या एका छोट्या तुकड्यामुळे आपली, म्हणजे माणूस, चिंपांझी, गिबन या सगळ्या कुळाची शेपूट गेली असावी असं 2024 मध्ये नेचरमध्ये आलं. तो बदल उंदरात करून बघितला तर काही बिनशेपटीचे झाले, काही आखूड शेपटीचे.

21 डिसेंबर, मामाकडे
नाताळची सुट्टी. यावेळी सोबत हार्डवेअर आणलंय.

शेपूट लांब असून नेमकं काय होतं हे हाताने बघायचं होतं. होकस्ट्रांच्या लॅबमध्ये बारीक आडव्या दांडीवरून उंदीर चालवले, त्यात लांब शेपटीचे जंगलवाले मैदानवाल्यांपेक्षा सरस ठरले. उंदीर दांडीवर कलला की शेपूट फिरवतो, शेपूट एका बाजूला गेली की अंग दुसऱ्या बाजूला ढकललं जातं, डोंबारी हातातली काठी फिरवून तोल धरतो त्यातलाच प्रकार.

साबणाच्या वडीएवढा लाकडी ठोकळा दोऱ्याने टांगला, त्यावर खेळण्यातल्या विमानाला लावतात ती छोटी सर्वो मोटर, आणि शेपूट म्हणून माडाच्या झावळीचा हीर. हीर यासाठी परफेक्ट आहे, बुडाशी जाड, टोकाला निमुळता, वजन अगदी कमी आणि मामाकडे फुकट. पहिली मोटर मी 9 व्होल्टच्या बॅटरीला थेट जोडून जाळली, तिला 5-6 व्होल्टच लागतात, ते पाकिटावर लिहिलेलं होतं.

22 डिसेंबर
चाललं! शेपूट डावीकडे, ठोकळा उजवीकडे. आधी 15 सेमीचा हीर लावला (घुशीची शेपूट), मग 21 चा. लांब हिराने ठोकळा डोळ्याला कळेल इतका जास्त फिरतो. मामा जेवण सोडून बघायला आला, त्याने स्वतः तीन-चार वेळा बटण दाबलं.

हिशोब मांडला तर असा. जाडी सारखीच ठेवून दांडी 1.4 पट लांब केली तर वजन 1.4 पट होतं. पण फिरवायला किती जड वाटते ते वजन गुणिले लांबीच्या वर्गावर ठरतं, म्हणजे एकूण लांबीचा घन, 1.4 चा घन जवळजवळ 2.7. चाळीस टक्के लांबी वाढवून पावणेतीन पट ताकदीचा तोल मिळतो. खरी शेपूट निमुळती असते, म्हणून घन तंतोतंत लागू करायचा नाही, पण थोडी लांबी वाढवून मोठा फायदा का, हे इथे लगेच समजतं. आणि उलटंही, मैदानात ज्याला तोल नको त्याला हीच शेपूट फिरवायला, ओढायला आणि शत्रूच्या तोंडातून वाचवायला तेवढीच जड.

दोऱ्याला पीळ असतो त्यामुळे ठोकळा आपोआपही थोडा फिरतो, म्हणून आकडे लिहिले नाहीत. मासे पकडायची नायलॉनची दोरी आणून परत करायचंय.

24 डिसेंबर
मैत्रिणीचा भाऊ इलेक्ट्रिक पॅनल तपासतो, त्याच्याकडून थर्मल कॅमेरा दोन दिवसांसाठी मिळाला. पिंजऱ्यात एक जिवंत उंदीर होता. पहाटे स्वेटर घालून बघितलं तर स्क्रीनवर उंदराचं अंग पिवळं-लाल आणि शेपूट दिसतच नाही, पिंजऱ्याच्या तळाच्याच रंगाची. वाटलं हा पण बांडा की काय.

दुपारी उन्हाने पडवी तापल्यावर परत बघितलं, तरी शेपूट थंडच. मग वाचलं की प्राणी घाबरला की शेपटीतल्या रक्तवाहिन्या आकसतात आणि मी तर त्याच्या तोंडावर कॅमेरा धरून बसले होते. पिंजऱ्यावर गोणपाट टाकून तासभर गेले आणि हळूच एका बाजूने उचलून फोटो घेतला. यावेळी पूर्ण शेपूट बुडापासून टोकापर्यंत झगमगीत! उंदराला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही. शेपटीवर केस विरळ, आत रक्त भरपूर, त्यामुळे गरम झालं की वाहिन्या उघडून उष्णता बाहेर टाकायची आणि गार झालं की मिटवून टाकायची. खिडकीच आहे ती, उघडझाप करता येणारी.

आता हे माझ्या प्रोजेक्टला त्रासदायक आहे. कारण शेपूट तोलासाठी पण आणि रेडिएटर म्हणून पण, मग लांबी नेमकी कोणामुळे? थंड मुलुखात प्राण्यांची टोकं, म्हणजे कान, पाय, शेपूट आखूड असतात असं जोएल अ‍ॅलन यांनी 1877 मध्येच मांडलंय. आणि ती सगळीच जनुकातून येत नाहीत! फ्रान्सिस समनर यांनी 1909 च्या पेपरमध्ये पांढरे उंदीर गरम आणि थंड खोलीत वाढवून दाखवलं की गरम खोलीतल्यांची शेपूट लांब होते. 2008 ला मारिया सेरॅट आणि सहकाऱ्यांनी 7, 21 आणि 27 डिग्रीला उंदीर वाढवले, तेच दिसलं, आणि पुढे जाऊन कोवळी हाडं बाहेर काढून बशीत वाढवली, जिथे रक्तपुरवठ्याचा प्रश्नच नाही, तरी गरम बशीतली जास्त वाढली. म्हणजे कूर्चाच थेट तापमान ओळखते. नंतर मॅलरी बॅलिंजर आणि मायकेल नॅकमन यांनी न्यूयॉर्क आणि ब्राझीलच्या हाऊस माइसची (घरातला छोटा उंदीर, माझा रॅटस रॅटस नव्हे) पिल्लं थंडीत वाढवून बघितली, शेपट्या आखूडच.

म्हणजे माळ्यावर कौलांखाली, तापलेल्या जागी जन्मलेलं पिल्लू आणि बांधातल्या गार बिळात जन्मलेलं पिल्लू, यांच्या शेपटीत थोडा फरक तर नुसता पत्त्यामुळेच पडू शकतो. यावर माझ्याकडे काही इलाज नाही, प्रबंधात मर्यादा म्हणून लिहीन. डिअर माइसवाल्यांनी दोन्ही प्रकार लॅबमध्ये सारख्याच परिस्थितीत वाढवून बघितले, तरी फरक राहिला, म्हणून ते जनुकांपर्यंत जाऊ शकले.

26 डिसेंबर
नायलॉनच्या दोरीवर परत केलं. लांब हीर स्पष्ट सरस. पण अजून एक लक्षात आलं, फार लांब, 35 सेमीचा लावला तर मोटर तो वेळेत फिरवूच शकत नाही, कुंथते, आणि हीर वाकून डुलत राहतो, ठोकळा उलटाच हेलकावे खातो. मोटर तीच ठेवून शेपूट वाढवत नेली तर एका मर्यादेनंतर तोटा. तशी उंदराची मोटर म्हणजे ते बुडाशी असलेले स्नायू, मग लांब शेपटीवाल्यांचे ते स्नायूही मोठे असणार का? हे बघायला आधी सुचायला हवं होतं, मी सगळ्या शेपट्या बुडाशी कापून घेतल्या आणि बाकीचं पुरून टाकलं.

12 जानेवारी, पुणे
काही नाही. परीक्षा. फ्रीजरमधल्या डब्यावर मोठ्या अक्षरात "प्राणिशास्त्र" लिहिलंय तरी कोणीतरी उघडून बघितला.

9 फेब्रुवारी
मणक्यांचं टेबल पूर्ण. सात उंदीर, सहा घुशी, टोक शाबूत असलेले आणि वाढ पूर्ण झालेलेच. निष्कर्ष म्हणून एवढंच लिहिलं की माझ्या नमुन्यांमध्ये लांबीतला फरक मुख्यतः मधल्या मणक्यांच्या लांबीतून येतो, संख्येतून आलेला दिसत नाही, आणि हा दोन जातींमधला फरक असल्याने चढण्याशी संबंध यातून सिद्ध होत नाही. मॅडमनी ते शेवटचं वाक्य अधोरेखित करून शेजारी बरोबरची खूण केली. अख्ख्या प्रबंधात तेवढी एकच खूण आहे.

2 मार्च, मामाकडे
सबमिशनच्या आधी शेवटची फेरी, खरं तर आंब्याच्या मोहोराचं निमित्त होतं. मामा पोफळींमध्ये झापं साफ करत होता आणि एकदम हाक मारली. केळीच्या आणि पोफळीच्या सांध्यात पानांचा गोळा, मुठीएवढं घरटं, आणि आतून एक तांबूस, मोठ्या डोळ्यांचा चिमुकला उंदीर बाहेर आला आणि फांदीवर थांबला. व्हँडेल्युरिया ओलेरेशिया! लांब शेपटीचा झाडावरचा उंदीर, चार महिने मी याच्याबद्दल नुसती वाचत होते. चापात हा कधीच आला नसता कारण हा जमिनीवर येतच नाही फारसा.

शेपूट धडाच्या दीडपटीच्या आसपास असेल. पण बघण्यासारखी गोष्ट लांबी नव्हती, तो काडीवरून पुढे सरकताना शेपटीचं टोक मागच्या काडीला वळसा घालून धरून ठेवत होता आणि पुढचे पाय घट्ट झाले की मगच सोडत होता. माझ्या ठोकळ्यावरचा हीर हे कधीच करणार नाही. ही शेपूट फिरवायची नाही, धरायची. आणि माझ्या शीटमध्ये तिच्यासाठी रकाना एकच, मिलिमीटर.

मोजला नाही. शेजारी फुटपट्टी धरून लांबून दोन फोटो घेतले, एकात शेपूट पानामागे गेलीय आणि दुसरा हललाय. मामाने ती झापं तशीच ठेवली आणि पुढच्या पोफळीकडे गेला.